आत्याच्या फोनमध्ये जागा नाही

रविवारी सोलापुरातच बाळीवेसला आत्याकडं गेले होते. दारातच तिनं फोन हातात दिला, "बघ गं ह्याला काय झालंय, दोन दिवस बँकेचं अ‍ॅप उघडत नव्हतं, नुसतं अपडेट कर म्हणायचं आणि अपडेट कर म्हटलं की जागा नाही म्हणायचं." आत्या कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकते, दहा-बारा वर्षं झाली, आता निम्म्या ऑर्डरी पुण्या-मुंबईच्या असतात आणि पैसे सगळे फोनवर येतात, म्हणजे ते अ‍ॅप बंद तर तिचा गल्लाच बंद. फोन पोराचा जुना, ३२ जीबीचा.

मी बघितलं तर दीड जीबी जागा मोकळी होती. म्हटलं आत्या, आता तर होईल की अपडेट. तर म्हणाली, "आता होतंय गं. काल रात्री मी फोटो काढून टाकले ना." कुठले? "जुनेच होते. गड्ड्याचे."

गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा, आणि गड्ड्याचे म्हणजे मामांचे, आत्याच्या नवऱ्याचे. मामा दरवर्षी संक्रांतीला पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजाच्या मिरवणुकीत असायचे, पोरं कंटाळायची पण ते कधी चुकले नाहीत, २०२१ मध्ये गेले. शेवटच्या दोन-तीन गड्ड्यांचे फोटो त्या एकाच फोनमध्ये होते. आणि मोबाइलच्या दुकानातल्या पोरानं सांगितलं म्हणून तिनं ट्रॅशपण रिकामा केलेला, नाहीतर तिथून महिनाभर तरी परत आणता आले असते. मी काही बोलले नाही तिला. तिला वाटत होतं की तिनं काहीतरी जास्त भरून ठेवलंय फोनमध्ये म्हणून असं झालं, आणि मला तेच सगळ्यात जास्त लागलं, कारण मी गेली सात वर्षं हेच काम करते, अँड्रॉइडची अ‍ॅप बनवते, जुळे सोलापुरात घरी बसून, आणि मला माहितीये की ती जागा आत्यानं भरलेली नाहीये, आम्ही भरलीये.

म्हणून हे लिहायला घेतलं. अ‍ॅप एवढी मोठी का असतात हे नीट सांगायचंय, जेवढं मला आतून माहितीये तेवढं.

आधी त्या ३२ जीबीचं बघू. खोक्यावर ३२ लिहिलेलं असतं ते हजाराच्या हिशोबानं, म्हणजे ३२ वर नऊ शून्यं एवढे बाइट. सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याच ठिकाणी १०२४ च्या पटीत मोजतात, तसं मोजलं की तेच २९.८ भरतं. इथवर नुसता मोजण्यातला फरक आहे, कुणी काही खाल्लेलं नाही. पण त्यातून फोनची सिस्टीम जाते, आत्याच्या फोनमध्ये ती ११ जीबीची आहे. मग फोनबरोबर आलेली अ‍ॅप, जी काढताच येत नाहीत. आणि ह्यात एक गोष्ट आहे जी फार कमी लोकांना माहिती असते, ही आधीपासून आलेली अ‍ॅप सिस्टीमच्या भागात असतात, तो भाग बदलत नाही, त्यामुळे त्यांचं अपडेट आलं की नवीन प्रत तुमच्या जागेत येऊन बसते आणि जुनी प्रत तिकडं तशीच राहते. एकच अ‍ॅप दोनदा. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर 'अपडेट अनइन्स्टॉल करा' असं दिसतं ना, ते त्याच्यासाठीच. आत्याच्या फोनमध्ये अशी नऊ अ‍ॅप निघाली जी तिनं एकदाही उघडलेली नव्हती. म्हणजे फोन हातात आल्यावर माणसाला खरी वापरायला मिळतात अठरा-एकोणीस जीबी, आणि भांडण आहे ते तेवढ्यातच.

आता कुठल्याही अ‍ॅपचं स्टोरेज उघडलं की तीन आकडे दिसतात, अ‍ॅपचा आकार, डेटा आणि कॅशे. लोक हे तिन्ही एकच धरतात आणि मग 'क्लिअर डेटा' दाबून बसतात आणि सगळं लॉगआउट होतं. कॅशे म्हणजे काय हे सोलापूरकराला तरी सांगायची गरज पडू नये. नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, म्हणून आपण बॅरल भरून ठेवतो की नाही, दर तांब्याला उजनी धरणावर जायला लागू नये म्हणून. उजनी शंभरेक किलोमीटर लांब आहे. तसं अ‍ॅप एकदा आणलेले फोटो, व्हिडिओचे तुकडे वगैरे फोनमध्येच भरून ठेवतं, परत लागले तर इंटरनेटवर जायला नको. ही चांगली सोय आहे, नेट स्लो असलं की कळतं. बॅरल ओतून दिलं तरी पाणी परत येणारच आहे, म्हणून कॅशे साफ केला तर काही बिघडत नाही. डेटा म्हणजे मात्र घरातलं सामान, ते टाकायचं नाही. प्रॉब्लेम असा की काही अ‍ॅप, विशेषतः व्हिडिओ दाखवणारी, चार माणसांच्या घरात चाळीस बॅरलं भरून ठेवतात आणि कुणी विचारत नाही.

पण खरी गंमत पहिल्या आकड्यात आहे, अ‍ॅपच्या स्वतःच्या आकारात. तो तुम्ही काहीही केलं तरी कमी होत नाही.

इथं मी माझंच अ‍ॅप सांगते. २०२० मध्ये एका चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्यासाठी ऑर्डर घ्यायचं अ‍ॅप केलं होतं, साधं काम, मालाचे फोटो, नग टाकायचे, बिल निघतं. ते ५८ एमबी झालं. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं, ५८ म्हणजे हल्ली कमीच म्हणायचं. रविवारी आत्याकडनं आल्यावर मी ते परत उघडून बसले. एपीके, म्हणजे ज्यातनं अ‍ॅप फोनमध्ये बसतं ती फाइल, ही खरं तर एक झिप फाइलच असते, नाव वेगळं आहे एवढंच, आणि अँड्रॉइड स्टुडिओ म्हणजे आम्ही ज्यात अ‍ॅप बनवतो त्या सॉफ्टवेअरमध्ये ती टाकली की आत कशानं किती जागा घेतलीये ते ओळीनं दिसतं.

सगळ्यात वर 'लिब' फोल्डर, २६ एमबी. बिल पीडीएफमध्ये काढायला मी एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला कोड, घेतली होती, ती प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेली असते आणि प्रोसेसर चार जातीचे, म्हणून त्याच लायब्ररीच्या चार प्रती आत. दोन एआरएमच्या, जुन्या ३२ बिटच्या फोनला एक आणि ६४ बिटला एक, आणि दोन एक्स८६ च्या, त्या इंटेलसारख्या प्रोसेसरसाठी. नव्या पेठेतल्या त्या दुकानात किंवा त्यांच्या एकाही गिऱ्हाइकाकडं एक्स८६ चा फोन नाहीये. तरी प्रत्येकाच्या फोनमध्ये त्या चारही प्रती गेल्या, त्यातली वापरात एक.

त्याच्या खाली फोटो, १४ एमबी. पीएनजी नावाच्या फाइलच्या प्रकारात टाकलेले. चादरीचा फोटो पीएनजीत ठेवायचं काहीच कारण नव्हतं, वेबपी ह्या जास्त दाबून ठेवणाऱ्या प्रकारात केले तर तेच फोटो दोन एमबीत बसले आणि डोळ्याला फरक दिसत नाही. मग सुरुवातीला तीन सेकंद चालणारा व्हिडिओ, ९ एमबी, मालकाला पाहिजे होता, आता मालकालापण आठवत नाही. देवनागरी फॉन्ट सहा जाडीचे, वापरलेले दोन. आणि कोड ६ एमबी. त्या ६ मध्ये मी स्वतः लिहिलेला कोड किती म्हणाल तर ४०० केबीच्या आसपास. बाकी सगळ्या लायब्रऱ्या.

लायब्ररी हा प्रकार समजून घेतला पाहिजे कारण मोठ्या अ‍ॅपमध्ये निम्मं दुखणं तिथंच आहे. आम्ही प्रत्येक गोष्ट स्वतः लिहीत नाही, लिहूही नये. नकाशा पाहिजे तर कुणीतरी केलेला घेतो, पेमेंट, लॉगिन, नोटिफिकेशन, चॅट, अ‍ॅप कुठं बंद पडलं ते कळवणारं एक, लोक कुठलं बटण दाबतात ते मोजणारं एक, जाहिरातीचं एक. प्रत्येक लायब्ररी आपल्याबरोबर आणखी चार लायब्रऱ्या घेऊन येते. तुम्हाला पाहिजे असते एक चिमूट हळद आणि आत येतं पोतं. आणि वापरात नसलेला भाग कापून टाकायची सोय आहे, आर८ म्हणून एक टूल आहे, सेटिंगमध्ये एक ओळ 'ट्रू' करायची असते. मी ती केली नव्हती, कारण कधी कधी ते चुकून पाहिजे तेच कापतं आणि मग परत सगळं तपासत बसावं लागतं, तेव्हा वेळ नव्हता. बस्स एवढंच कारण. ह्या आठवड्यात केलं, कोड ६ चा २ एमबीवर आला. दोन रात्री तपासण्यात गेल्या.

आता अ‍ॅप १२ एमबी आहे. ५८ चं १२, एकही सोय कमी न करता.

फोटोंचं अजून एक आहे. एकच चित्र आम्हाला अनेक मापांत द्यायला लागतं, कारण स्क्रीन कमी-जास्त दाट असतात. अ‍ॅपचं साधं आयकॉन घ्या, सगळ्यात साध्या स्क्रीनला ४८ बाय ४८ ठिपके, सगळ्यात दाट स्क्रीनला १९२ बाय १९२. लांबी-रुंदी चौपट, म्हणजे ठिपके सोळापट. हे मला कॉलेजमध्ये शिकायला लागलंच नाही कारण आमचे पप्पा चादरीच्या कारखान्यात जॅकार्डवर होते. ज्यांनी जॅकार्ड माग बघितला नसेल त्यांच्यासाठी, मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांब माळ फिरत असते, आडव्या धाग्याच्या एकेका ओळीला एक पुठ्ठा, भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो आणि नसेल तिथला खाली राहतो, आणि असं ओळीमागून ओळ विणत विणत मोरपीस तयार होतं. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला जॅकार्ड नावाच्या माणसानं हे बसवलं. मोर जाडाभरडा चालत असेल तर पुठ्ठे कमी लागतात, पिसावरचा डोळा बारीक पाहिजे म्हटलं की पुठ्ठे वाढले आणि प्रत्येक पुठ्ठ्यावरची भोकंपण वाढली. लहानपणी कारखान्याच्या कोपऱ्यात त्या पुठ्ठ्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले असायचे, आणि पप्पा सांगायचे जागा सुतानं नाही खाल्ली, डिझाइननं खाल्ली. कुठलं डिझाइन चालत नाही हे बघून जुने गठ्ठे काढायचे तेव्हा. कारण जागेचं भाडं मालकाच्या खिशातनं जायचं.

आमच्या धंद्यात तसं होत नाही. जागेचं भाडं आत्या भरते.

खरं सांगायचं तर ह्यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय निघालेले आहेत. गूगलनं २०१८ मध्ये अ‍ॅप बंडल आणलं आणि ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर नवीन अ‍ॅपना ते सक्तीचं केलं, त्यात आम्ही सगळं सामान गूगलकडं देतो आणि तुमच्या फोनला लागेल तेवढीच लायब्ररी, तेवढीच चित्रं, तेवढीच भाषा तुमच्याकडं पाठवली जाते. माझं ते अ‍ॅप त्या सक्तीच्या आधीचं, आणि शिवाय आम्ही ते स्टोअरवर न टाकता थेट एपीके पाठवायचो, म्हणून चार-चार प्रती गेल्या. पण बंडल असलं तरी आत अ‍ॅपवाल्यानं पोतं भरून ठेवलं असेल तर ते पोतं तसंच येतं, फक्त दुसऱ्या साइजच्या फोनचं पोतं येत नाही एवढंच.

आणि लोक मला विचारतात की स्टोअरवर ४० एमबी दाखवतंय आणि फोनमध्ये १३० कसं झालं. दाबून आलेलं असतं ते, फोनमध्ये आल्यावर त्यातलं बरंच उलगडतं. वर कोडचं तुमच्या प्रोसेसरसाठी भाषांतर करून ते वेगळं साठवलं जातं म्हणजे अ‍ॅप पटकन चालावं. २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये तर इन्स्टॉल करतानाच सगळ्या कोडचं भाषांतर करायचे, अपडेटनंतर फोन चालू करताना 'अ‍ॅप ऑप्टिमाइझ होत आहे' म्हणून आकडे पळायचे आठवतंय का, ते हेच. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून ते सुधारलं, ज्या भागाचा जास्त वापर होतो तेवढ्याचंच करतात आता.

मग तरी अ‍ॅप फुगतातच का? माझं मत सांगते, पटेल न पटेल. ऑफिसमध्ये कुणी विचारतच नाही. सात वर्षांत मला किती वेळा विचारलं असेल की कधी होतंय, बटणाचा रंग का वेगळा दिसतोय, पण किती एमबी झालं हे एकानंही विचारलं नाही. आमच्या हातातले फोन २५६ जीबीचे, घरी वायफाय. नवीन गोष्ट टाकायला मीटिंग होते, जुनी काढायला कधी मीटिंग झालेली मी बघितली नाही, कारण काढली आणि कुणी ओरडलं तर काढणाऱ्याचं नाव येतं, ठेवली तर कुणाचंच येत नाही. दिवाळीला टाकलेल्या पणत्यांचं अ‍ॅनिमेशन पुढच्या आषाढीपर्यंत अ‍ॅपमध्ये असतं. बँकेच्या अ‍ॅपला सुरक्षिततेसाठी अपडेट सक्तीचं करावंच लागतं हे मला मान्य आहे, ते बरोबरच आहे, जुनं अ‍ॅप चालू ठेवलं तर आत्याचेच पैसे जातील. पण त्याच सक्तीच्या अपडेटमध्ये लोनची जाहिरात, बक्षिसाचं चाक, सिनेमाची तिकिटं हे पण भरून पाठवायचं, ह्याला सुरक्षितता म्हणत नाहीत. आत्याला लागतं काय, बॅलन्स आणि कुणाचे पैसे आले ते.

२००८ साली जो पहिला अँड्रॉइड फोन आला, एचटीसीचा, त्याच्यात आतली अख्खी मेमरी २५६ एमबी होती, सिस्टीम धरून. आज आत्याच्या फोनमध्ये ते एकटं अ‍ॅप त्याच्यापेक्षा जास्त जागा घेऊन बसलंय.

आणि लहान करता येत नाही असं नाही. फेसबुकनं २०१५ मध्ये लाइट काढलं तेव्हा ते एक एमबीच्या आत होतं, त्यात फोटो दिसत होते, कॉमेंट करता येत होती. २०१७ च्या शेवटी गूगलनं कमी रॅमच्या फोनसाठी अँड्रॉइड गो काढलं आणि त्याच्यासाठी छोटी अ‍ॅप केली. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा. मग हळूहळू ती अ‍ॅप मागं पडत गेली, यूट्यूब गो तर २०२२ मध्ये बंदच केलं. गूगल प्लेच्याच लोकांनी २०१७ मध्ये लिहिलं होतं की अ‍ॅप दर ६ एमबीनं वाढलं की इन्स्टॉल करणारे साधारण एक टक्क्यानं कमी होतात. म्हणजे धंद्याच्या हिशोबानंही लहान असणं फायद्याचं आहे. पण ज्या अ‍ॅपवाचून लोकांचं अडतंच तिथं कोण पळून जाणार? तिथं माणूस फोटो काढून टाकतो.

फॉरवर्डचं लिहिलं नाही तर लोक म्हणतील ते विसरली. नाही विसरले. गुड मॉर्निंगच्या चित्रांनी भारतातले फोन भरून अडकतायत हे गूगलच्याच लक्षात आलं होतं, २०१८ च्या सुरुवातीला बातम्या होत्या, त्यांनी फाइल्स गो ह्या आपल्या अ‍ॅपमध्ये ती चित्रं ओळखून काढून टाकायची सोयपण दिली. मी हे जे सगळं लिहिलंय ना, देवनागरीत एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात, काना-मात्रा धरून, तरी अख्खं लिखाण ४० केबीच्या आत बसतं. गुलाबाचं एक गुड मॉर्निंग म्हणजे अशी चार-पाच लिखाणं. पण आत्याच्या फोनमध्ये फॉरवर्ड निघाले सव्वा जीबी. अ‍ॅप आणि त्यांचा डेटा-कॅशे मिळून निघाला साडेनऊ. तेव्हा बायका फॉरवर्ड करतात म्हणून फोन भरतो हे जे म्हणतात ना, ते मी तरी ह्यापुढं ऐकून घेणार नाही.

आणि त्या फॉरवर्डच्या फोल्डरमध्येच मला ते सापडलं. व्हॉट्सअ‍ॅपवरनं आपण एखादा फोटो कुणाला पाठवला की त्याची एक प्रत 'सेंट' नावाच्या फोल्डरमध्ये राहते. गॅलरीत ती दिसत नाही, कारण त्या फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल ठेवलेली असते, ती गॅलरीला सांगते इथलं काही दाखवू नको. जागा खाणारी ती दुसरी प्रत मी एरवी लोकांना पहिल्यांदा डिलीट करायला सांगते. फाइल मॅनेजरमधनं आत शिरले, अँड्रॉइड, मीडिया, मग व्हॉट्सअ‍ॅप, इमेजेस, सेंट, आणि खाली खाली जात राहिले. चटणीच्या पाकिटांचे फोटो, भाकरीच्या चळतीचे, पत्ते लिहिलेले कागद. आणि मग २०२० ची संक्रांत. मामा, बाराबंदी, कपाळाला भस्म, मागं होम मैदानावरचा पाळणा अर्धा दिसतोय. आत्यानं तो पंढरपूरच्या बहिणीला पाठवला होता. एकच निघाला, बाकीचे कुणाला पाठवलेले नव्हते. मूळ फोटो साडेतीन एमबीचा असेल, हा दाबून पावणेदोनशे केबीचा झालेला.

आत्यानं फोन घेतला आणि बराच वेळ बोटांनी मोठा करून करून बघत बसली.

मग मी तिचा फोन साफ केला, कॅशे काढले, न वापरलेल्या अ‍ॅपची अपडेटं काढली, व्हॉट्सअ‍ॅपच्या 'मॅनेज स्टोरेज' मध्ये जाऊन मोठे व्हिडिओ काढले, फोटोंचा बॅकअप चालू केला. फोन साफ करून देतो म्हणणारं एक अ‍ॅप होतं, ते पहिल्यांदा काढलं, ते स्वतःच ९० एमबीचं होतं. आता चार जीबी मोकळी आहे. तेवढी राहू द्यावी, कारण फोनची मेमरी पार भरली की तिला नवीन लिहायला आधी जुन्या तुकड्यांची उचलाउचल करावी लागते आणि फोन हळू होतो, मग लोक म्हणतात फोन जुना झाला. तिला घ्यायचा नाहीये नवीन, आणि मला वाटतं घ्यायला लागू नये.

काल तो फोटो पार्क चौकातल्या स्टुडिओत प्रिंटला दिला. तो म्हणाला ह्याच्यापेक्षा मोठा काढला तर फुटेल, चार बाय सहाच ठेवा. चार बाय सहा ठेवलाय. आत्यानं तो देवघराशेजारी लावलाय, आणि बँकेच्या अ‍ॅपला आज सकाळी परत एक अपडेट आलंय.